12 इंची दणकून वाजतो, पण बेस कुठंय?

प्रश्न : मंडळाने सिस्टीम बदलली तेव्हा त्यांचा जुना 12 इंची पीए (सभा-कार्यक्रमांत वाजवायचा) स्पीकर मी घरासाठी घेतला. डेटाशीटमध्ये सेन्सिटिव्हिटी (1 वॅट दिल्यावर 1 मीटरवर येणारा आवाज) 97 डीबी, एफएस (कोन ज्या सुरावर स्वतःहून डोलतो तो) 55 हर्ट्झ आहे. दीड फूट उंच, फूटभर रुंद, फूटभर खोल असा प्लायचा बंद डबा केला. आवाज जबरदस्त, पण खालचा बेस नाहीच, आणि मित्राचा 8 इंची सबवूफर मात्र छातीत धडकतो. रिपेअरवाला म्हणतो कोनच्या मधे वजन चिकटवू, एफएस खाली येईल. चिकटवू का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : नका चिकटवू. रिपेअरवाल्याचं अर्धं बरोबर आहे, हलणारं वजन दुप्पट केलं तर एफएस 55 वरून साधारण 39 वर येतो, पण तेवढ्याच मॅग्नेटला आता दुप्पट ओझं हलवायचंय त्यामुळे वरचा सगळा आवाज 6 डीबीने पडतो, म्हणजे तेवढाच आवाज काढायला चौपट वॅट लागणार. शिवाय वजन जरा जरी एका बाजूला गेलं तर कॉइल (कोनला जोडलेली, मॅग्नेटच्या फटीत हलणारी तारेची गुंडाळी) घासून जळते.

तुमचा स्पीकर खराब नाहीये हो, तो वेगळ्या कामासाठी बनलाय. पीएच्या स्पीकरला मैदान भरायचं असतं म्हणून त्याचा कोन हलका, सराउंड (कोनच्या कडेची लवचिक पट्टी) कडक, कॉइल आखूड. मित्राच्या सबचं उलटं, कोन जड, रबरी सराउंड मऊ आणि कॉइल लांब, म्हणजे कोन खूप पुढेमागे गेला तरी कॉइलचा काही भाग मॅग्नेटच्या फटीत राहतोच, पण फटीबाहेरची कॉइल जोर देत नाही, नुसती गरम होते आणि वजन वाढवते. असे घरगुती सब बऱ्याचदा 85 डीबीच्या आसपास असतात, म्हणजे दिलेल्या पॉवरपैकी 0.2 टक्क्याचा आवाज होतो, बाकी उष्णता. तुमच्याकडे तो आकडा 3 टक्के आहे! 12 डीबीचा फरक म्हणजे 16 पट पॉवर, त्याच्या 80 वॅटचं काम तुमचा 5 वॅटमध्ये करतो, फक्त खालचे सूर सोडून.

आणि खालचे सूर महागच असतात. 80 हर्ट्झला जेवढा मोठा आवाज येतो तेवढाच 40 ला हवा असेल तर कोनला चौपट हलावं लागतं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार 41 हर्ट्झची, म्हणजे तिथपर्यंत जायचं तर हे सगळं आलंच. मोठा आवाज, खोल बेस आणि छोटा डबा, तिन्ही एकदम मिळत नाही, याला हॉफमनचा नियम म्हणतात. 1954 मध्ये अमेरिकेत एडगर विलचर यांनी बंद डब्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून छोट्या पेटीतून खोल बेस काढला, पण त्यांनाही किंमत एफिशियन्सीतच (दिलेल्या पॉवरपैकी किती आवाज होतो त्यात) मोजावी लागली.

तुमची खरी चूक डब्यात आहे. एवढ्याशा बंद डब्यात कोंडलेली हवा कोनला आणखी कडक करते, 55 चा स्पीकर अंदाजे 90 हर्ट्झला जाऊन बसतो. डबा दुप्पट करा, 50 हर्ट्झच्या आसपास ट्यून केलेला पोर्ट (डब्याला हवेसाठी नळीसारखं भोक) द्या, आणि अ‍ॅम्पवर सबसॉनिक फिल्टर (अगदी खालचे सूर कापणारा) नक्की लावा कारण पोर्टच्या ट्यूनिंगपेक्षा खालच्या सुरांना कोनला डब्याचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो. पण त्याआधी आहे तोच डबा खोलीच्या कोपऱ्यात ठेवून बघा, भिंतींमुळे बेस चांगलाच वाढतो आणि खर्च शून्य.

प्रश्न : मॅग्नेट मोठा तेवढा बेस जास्त, खरं का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : नाही. ताकदवान मॅग्नेटने एफिशियन्सी वाढते, पण मुख्यतः मधल्या सुरांची. एफएसजवळ तोच मॅग्नेट कोनला ब्रेक लावतो, त्यामुळे मधल्या सुरांपुढे बेस उलट कोरडा वाटतो. घेताना एफएस, क्यूटीएस (एफएसजवळ कोनला किती ब्रेक लागतो त्याचा आकडा) आणि एक्समॅक्स (कोन नीट किती पुढेमागे जाऊ शकतो ते) विचारा, दुकानदाराकडे हे आकडेच नसतील तर नुसत्या मॅग्नेटच्या वजनावर घेऊ नका.