रसायनाचा वर्ग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी एफवायबीएस्सीला आहे. प्रॅक्टिकलला १ ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड नीट तोलून २५० मिली द्रावण केलं, म्हणजे ते ०.१ मोलर (लिटरमागे ०.१ मोल; मोल म्हणजे रेणूंचा ठरावीक संख्येचा गट) व्हायला हवं. ०.०५ मोलर ऑक्झॅलिक ॲसिडच्या १० मिलीला हे द्रावण किती मिली लागतं, याची ब्युरेटवर (द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या खुणांच्या नळीवर) रीडिंग आली ११.२०, १०.७० आणि १०.७०. उत्तर ०.०९३५ मोलर येतं. मैत्रिणी म्हणतात, जर्नलमध्ये रीडिंग १०.०० लिहून टाक. माझं काय चुकलं?
– विद्यार्थिनी, ठाणे पश्चिम

उत्तर : ०.०९३५ हेच लिहा. १०.०० अजिबात लिहू नका.

सोडियम हायड्रॉक्साइड हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही शोषतं. आपल्याकडे पहिलं सेमिस्टर ऐन पावसाळ्यात सुरू होतं. त्या दमट हवेत वॉच ग्लासवर ठेवलेल्या गोळ्या बघता बघता ओलसर चकाकू लागतात. म्हणजे तराजूवर १ ग्रॅम दिसलं तरी त्यात थोडं पाणी आणि थोडं कार्बोनेट असतंच. म्हणून तर या द्रावणाचं स्टँडर्डायझेशन करायचं, म्हणजे टायट्रेशनने (एका द्रावणाला दुसरं किती लागतं ते मोजून) त्याची खरी मोलॅरिटी ठरवायची. तोलून अचूक मोलॅरिटी मिळाली असती, तर टायट्रेशनची गरजच नव्हती. ऑक्झॅलिक ॲसिडचे स्फटिक हवेत बरेच स्थिर राहतात, म्हणून त्यांच्यावर विसंबायचं.

मात्र ते तोलताना एक चूक फार जण करतात. स्फटिकात पाण्याचे दोन रेणू असतात, त्यामुळे मोलर वस्तुमान (एका मोलचे ग्रॅम) १२६.०७ धरायचं. २५० मिली ०.०५ मोलरसाठी १.५७६ ग्रॅम लागतात. पाणी विसरून ९० धरलं तर १.१२५ ग्रॅमच घेतले जातात आणि रीडिंग १० ऐवजी ७.१ च्या आसपास येते. तुमची तशी नाही, म्हणजे ही बाजू ठीक आहे.

पहिली ११.२० मात्र सोडून द्या. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा राहिला असेल आणि टायट्रेशन चालू असताना निघून गेला असेल, तर त्याची जागा भरायला गेलेलं द्रावणही रीडिंगमध्ये धरलं जातं. किंवा एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याचं रंगावरून कळतं तो क्षण) ओलांडला गेला असेल. ब्युरेट भरल्यावर खालची तोटी एकदा पूर्ण उघडून बुडबुडा घालवा, वरचं फनेल काढून ठेवा, मगच सुरुवातीची पातळी टिपा.

धुण्याचा नियम कारणासकट लक्षात ठेवा. ब्युरेटमध्ये पाणी राहिलं तर अल्कली (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) पातळ होते आणि रीडिंग वाढते. पिपेटमध्ये (१० मिली ॲसिड मोजून घ्यायच्या नळीत) राहिलं तर ॲसिड कमी जातं, रीडिंग घटते. म्हणून दोन्ही शेवटी ज्या-त्या द्रावणाने खंगाळायची. कोनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड वॉटरने, कारण त्यात आधीच ॲसिड चिकटलेलं असेल तर मोजलेल्या १० मिलीला अर्थ राहत नाही. पिपेट बल्बनेच भरा, आणि टोकात उरलेला थेंब फुंकू नका. तो आतच राहील असं धरूनच पिपेटवर खूण केलेली असते.

रंग दाखवणाऱ्या फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब पुरतात. अगदी फिकट गुलाबी रंग ३० सेकंद टिकला की थांबा. नंतर तो उडाला तरी पुढचा थेंब टाकू नका; हवेतला कार्बन डायऑक्साइड रंग घालवत असतो.

प्रश्न : पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडच्या टायट्रेशनमध्ये द्रावण तपकिरी गढूळ होतं. असं का?
– विद्यार्थी, कळवा

उत्तर : तो मँगनीज डायऑक्साइड आहे. बहुतेक वेळा विरल सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलेलं असतं, नाहीतर परमँगनेट भराभर ओतलेलं असतं. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवा, उकळू देऊ नका. पहिल्या थेंबांचा रंग जायला वेळ लागतो, तो एंड पॉइंट समजू नका. अभिक्रियेत तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढे तिचा वेग वाढवतात, त्यामुळे फ्लास्क हलवत धीर धरा. सल्फ्युरिकऐवजी हायड्रोक्लोरिक ॲसिड चालत नाही, परमँगनेट क्लोराइडवरच खर्च होतं. ब्युरेटमधलं द्रावण गडद असल्याने पातळीची वरची कड वाचा, आणि तीनही रीडिंगना तीच.

प्रश्न : बारावीला सूत्रं पाठ करून भागलं. आता लिमिटिंग रिएजंटची (अभिक्रियेत आधी संपणारा पदार्थ ओळखायची) गणितं अडतात.
– विद्यार्थी, घणसोली

उत्तर : ग्रॅमची तुलना करणं सोडा. ४ ग्रॅम हायड्रोजन आणि १६ ग्रॅम ऑक्सिजन घ्या. वजनाने ऑक्सिजन चौपट, म्हणून तोच उरेल असं वाटतं. पण मोल काढा (ग्रॅम भागिले मोलर वस्तुमान) : हायड्रोजन २, ऑक्सिजन ०.५. पाणी होताना २ मोल हायड्रोजनला १ मोल ऑक्सिजन लागतो. म्हणजे ऑक्सिजनच अपुरा आहे. पाणी १८ ग्रॅम होतं आणि २ ग्रॅम हायड्रोजन उरतो. १८ अधिक २ म्हणजे २०, सुरुवातीलाही २० ग्रॅमच होते. ही बेरीज प्रत्येक गणिताखाली करा. ती जुळली नाही तर आधी समीकरणाचा समतोल तपासा. चूक बहुधा तिथेच सापडते.