टोंगात नोकरीला येताय? मग कोण कुठे बसतं ते बघा

तुम्हाला नुकुआलोफात, म्हणजे पॅसिफिकमधल्या टोंगा या बेटांच्या देशाच्या राजधानीत, दोन वर्षांसाठी हिशेबनिसाची नोकरी मिळाली आहे, आणि टोंगात अजून राजा आणि सरदार आहेत हे वाचून तुम्ही विचारताय की परक्या माणसाला त्याची झळ लागते का. झळ लागत नाही. पण हा मानापमानाचा हिशेब कळला नाही तर ऑफिसात आणि शेजारात काय चाललंय याचा पत्ताच लागत नाही.

राजवंश एक नाही, तीन. सर्वांत जुना तुई टोंगांचा, म्हणजे टोंगाच्या राजांचा. त्यांचा मूळपुरुष आहोएइतू हा आकाशातल्या देवाचा मुलगा, असं परंपरा सांगते. पंधराव्या शतकात एका तुई टोंगाचा खून झाला, तेव्हा त्याच्या मुलाने देवपण स्वतःकडे ठेवून कारभार भावाच्या गळ्यात टाकला. ते तुई हाआतकलाउआ. सतराव्या शतकात त्यांच्यातूनच तुई कानोकुपोलु निघाले, आणि आजचे राजे सहावे तुपोउ याच धाकट्या शाखेचे. शेवटचा तुई टोंगा १८६५ साली वारला. पुढे राणी सालोते यांचं लग्न हाआतकलाउआ वंशातल्या तुंगी माइलेफिहींशी झालं, आणि त्यांच्या मुलात, चौथ्या तुपोउंमध्ये, तिन्ही वंश एकत्र आले असं इथे अभिमानाने सांगतात. लापाहा गावात जुन्या तुई टोंगांच्या थडग्यांचे दगडी चौथरे आहेत. बघायला जरूर जा, पण वर चढून फोटो काढू नका.

सरदारांना नोपेले म्हणतात. राजे पहिले जॉर्ज तुपोउ यांनी १८७५ च्या राज्यघटनेत गावोगावच्या अनेक प्रमुखांपैकी मोजक्यांचेच किताब वंशपरंपरागत केले. आज असे ३३ किताब आहेत. संसदेच्या निवडून येणाऱ्या २६ जागांपैकी ९ सरदार आपसांत निवडतात, १७ जनता. जमीन विकण्याला घटनेचीच बंदी आहे, त्यामुळे प्लॉट घेण्याचा विचार सोडा. परक्याला मिळतो तो भाडेपट्टा. घर भाड्याने घेताना ते गाव कोणत्या सरदाराच्या जहागिरीत येतं, एवढं विचारून ठेवा.

सरदारांपुढे बोलायचे काही शब्द वेगळे, राजापुढचे आणखी वेगळे. तुमच्याकडून ती अपेक्षा कोणी करत नाही. मोठा माणूस खाली बसलेला असताना त्याच्या डोक्यावर उभं राहू नये, एवढं पाळलंत तरी पुरे.

खरी गंमत घरात आहे, आणि ती पुस्तकात वाचून नीट कळत नाही. किताब बापाकडून मुलाकडे जातो, पण मान बहिणीचा मोठा. भाऊ वयाने कितीही मोठा असो, बहीण त्याच्या वर. तुई टोंगाचीही बहीण त्याच्याहून श्रेष्ठ होती, आणि तिची मुलगी, जिला तमाहा म्हणत, त्याहून. एवढ्या मानाच्या बहिणीला देशात बरोबरीचा नवरा मिळणार कुठून? म्हणून फिजीहून आलेल्या सरदाराशी लग्न लावलं गेलं, आणि त्यातून आणखी एक मोठं घराणं उभं राहिलं. सामान्य घरातही आत्याचा शब्द बापाच्या वर. आपल्याकडे बारशाला आत्या जो भाव खाते, तो इथे जन्मभर चालतो.

हे सगळं एका ठिकाणी बघायचं असेल तर मयताला जा. मृताच्या उशाशी जी बसते ती फाहू, बहुधा त्याची बहीण किंवा बहिणीची मुलगी. उत्तम चटया आणि सालीचं कापड तिच्याकडे जातं. मृताची स्वतःची मुलं आणि त्याच्या मामाकडची माणसं मानाने खालची. ती अंगाभोवती मोठी, जीर्ण ताओवाला चटई गुंडाळतात, आणि मामाकडची मंडळी चुलीपाशी राबत असतात. तुम्ही काळे कपडे घाला, कमरेला साधी ताओवाला बांधा (शेजारीण देईल, विकत घेऊ नका) आणि मागे बसा.

तुमच्या हाताखालचा कारकून मयतासाठी चार-पाच दिवस आला नाही तर रजेचा नियम काढण्याआधी विचारा, तो तिथे कोण लागतो. चुलीकडचा असेल तर सगळं आटोपेपर्यंत तो येणार नाही, आणि आलाच तर गावात त्याचं नाव जाईल. महिनाअखेरचे हिशेब तेवढे आधी उरकून घ्या.