इको नॉर्मल, मग गोळी कशाला?

प्रश्न: माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला डीएमडी (ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी) आहे. इको (हृदयाची सोनोग्राफी) नॉर्मल आला, बीपीही ठीक. तरी डॉक्टरांनी पेरिंडोप्रिल लिहून दिलंय. ती तर बीपीची गोळी ना? शिवाय मलाही हृदय तपासून घ्यायला सांगितलंय. मला तर काहीच त्रास नाही.
– एक आई, सांगली

उत्तर: ताई, गोळी सुरू करा. बीपीसाठी नाहीच ती, हृदय जपण्यासाठी आहे.

डीएमडी या स्नायू दुबळे करत जाणाऱ्या आजारात डिस्ट्रॉफिन हे प्रथिन जवळजवळ तयारच होत नाही. स्नायूपेशीच्या आत अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं जाळं असतं. गोधडीचे थर टाक्यांनी धरावेत, तसं डिस्ट्रॉफिन हे जाळं पेशीच्या आवरणाला धरून ठेवतं. ते नसलं की आकुंचनाच्या ताणाने आवरणाला चिरा जातात, कॅल्शियम आत शिरतं, पेशी मरते आणि तिच्या जागी व्रण धरतो. पायांना रात्री तरी विश्रांती मिळते. हृदयाला दिवसाला लाखभर ठोके चुकत नाहीत. हा व्रण बहुधा डाव्या कप्प्याच्या मागच्या-बाजूच्या भिंतीत सुरू होतो. एमआरआयमध्ये तो दिसत असतानाही इको नॉर्मल येऊ शकतो.

फ्रान्समधला एक अभ्यास २००५ मध्ये छापून आला. हृदय चांगलं असलेली ५७ मुलं. २८ जणांना लगेच पेरिंडोप्रिल, बाकीच्यांना तीन वर्षं औषध नसलेली गोळी आणि मग खरी. तीन वर्षांनी काही फरक नव्हता. पाच वर्षांनी मात्र पंपिंग (दर ठोक्याला डाव्या कप्प्यातलं किती रक्त बाहेर पडतं ते) ४५ टक्क्यांखाली गेलेला पहिल्या गटात एक मुलगा होता, दुसऱ्यात आठ. अभ्यास छोटा, पण मला पटतो. आता वयाच्या दहा वर्षांपर्यंत या प्रकारची गोळी सुरू करतातच.

जुलाब-उलट्या झाल्या तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. आणि एक लक्षात ठेवा: ही मुलं फारशी धावत नाहीत, त्यामुळे हृदय थकलं तरी धाप लागलेली दिसत नाही. पोटदुखी, भूक मरणं, उलट्या, झोपमोड असं काही वारंवार होऊ लागलं तर नुसतं अपचन म्हणून ओवा देत बसू नका.

आता तुमचं. डिस्ट्रॉफिनचा जनुक एक्स गुणसूत्रावर असतो. साधारण तिनात दोन आया वाहक असतात, म्हणजे दोष त्यांच्याकडून मुलाकडे आलेला असतो. बाकीच्यांच्या मुलात दोष नव्यानेच आलेला असतो. म्हणून आधी रक्ताची जनुकीय तपासणी करा. वाहक निघालात, तर हातपाय धडधाकट असूनही हृदय कमजोर होऊ शकतं. आत्ता एकदा आणि पुढे दर तीन ते पाच वर्षांनी तपासून घ्या. सख्खी बहीण असेल तर तिलाही कळवा. आणि रिपोर्टवरून सासरी कुणी तुमच्याकडे बोट दाखवलं, तर पुढच्या व्हिजिटला त्यांनाच सोबत न्या. डॉक्टर बघून घेतील.