टाइमलॅप्स म्हणजे व्हिडिओ पळवणं आणि स्लो मोशन म्हणजे हळू करणं, एवढंच ना? मग वेगळा मोड किंवा कॅमेरा कशाला?

नाही, एवढंच नाही. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमचा एक मित्र म्हणाला, 'साधा व्हिडिओ काढ, एडिटिंगमध्ये पळव नाहीतर हळू कर, सगळं सारखंच.' हेच वाक्य मी आमच्या घरी भर बैठकीत चुलतभावाच्या तोंडून ऐकलंय. त्याचा तालुक्याला लग्नाच्या शूटिंगचा धंदा आहे, त्यामुळे घरात त्याचा शब्द शेवटचा. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पळवलेला व्हिडिओ आणि टाइमलॅप्स भर दुपारी ढगांवर लावलात तर फरक डोळ्याला फारसा कळणार नाही, हे खरं. अंधार पडला की कळतो. व्हिडिओ सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, घेतो, म्हणजे एका फ्रेमला उजेड गोळा करायला जास्तीत जास्त सेकंदाचा पंचविसावा भाग मिळतो. टाइमलॅप्समध्ये प्रत्येक फ्रेम हा सुटा फोटो असतो. दर ३० सेकंदांनी एक काढायचा असेल तर शटर (कॅमेऱ्यात उजेड सोडणारा पडदा) चार सेकंद उघडं ठेवायला कुणाची ना नाही. उजेड शंभर पट. शिवाय ३० सेकंदांच्या व्हिडिओतल्या ७५० फ्रेमपैकी एक ठेवून ७४९ फेकायच्या, त्यासाठी तासाला सात-आठ जीबी भरायचे आणि फोन तापवायचा, हा उद्योग कशाला?

आता विहीर, म्हणजे हाच फरक आमच्या घरी कसा कामाला आला ती गोष्ट.

आमचं गाव केज तालुक्यात, मांजरा धरणाच्या अंगाला. २०१६ च्या ज्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच उन्हाळ्यातली गोष्ट. विहीर सामायिक, आमची आणि नानांची, म्हणजे धाकट्या चुलत्यांची. पाळ्या ठरलेल्या. पाणी होतं ते जनावरांच्या कडवळापुरतं आणि बेण्यापुरत्या उसाला. नानांचं म्हणणं, आमची पाळी झाली की विहीर भरतच नाही, त्यांच्या वाट्याला गाळ येतो. वडिलांचं म्हणणं, पाणी सगळ्यांना सारखंच येतं, नाना मोटर उशिरा बंद करतात. रोज संध्याकाळी ओट्यावर तेच. मी सुट्टीला गेलो होतो. म्हटलं, भांडता कशाला, रात्रभर विहीरच बघू की.

पीव्हीसी पाइपाच्या एका लांब तुकड्यावर फुटाफुटावर लाल पट्टे ओढले आणि तो विहिरीत उभा बांधला. विहिरीवरच्या विजेचा भरवसा नव्हता. बल्ब लावला तर होल्टेज खालीवर होणार आणि प्रत्येक फोटो वेगळ्या उजेडाचा येणार. म्हणून फवारणी पंपाची बॅटरी काढली आणि तिच्यावर एलईडीचा दिवा दोरीने खाली सोडला. कॅमेरा जुनाच डीएसएलआर, मोटरीच्या चौथऱ्याला ट्रायपॉड करकचून बांधून. फोकस हाताने पट्ट्यांवर आणून कुलूपबंद, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) ठरलेला, आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो त्याचा आकडा) ठरलेला, शटर चार सेकंद, ॲपर्चर, म्हणजे लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, उघडेल तितकं पूर्ण उघडं. हे शेवटचं महत्त्वाचं. ॲपर्चर बारीक ठेवलं की लेन्सची पाती प्रत्येक फोटोला मिटतात आणि दर वेळी केसाएवढ्या फरकाने मिटतात. क्लिप चालवल्यावर उजेड थरथरतो तो त्यामुळे. पूर्ण उघड्या लेन्सला मिटावंच लागत नाही.

आणि आईचा विरोध पत्करून बैठकीतलं भिंतीवरचं मोठं घड्याळ काढून पाइपाशेजारी दोरीने सोडलं. आमच्या घरात पुरावा लागतो, हे मला माहीत होतं.

रात्री नऊला मोटर बंद, पहाटे पाचपर्यंत दर ३० सेकंदांनी एक फोटो. आठ तासांचे ९६० फोटो, सेकंदाला २५ च्या हिशेबाने ३८ सेकंदांची क्लिप. कपारीतले पारवे मधूनच उडायचे, पण चार सेकंदांच्या फोटोत उडता पारवा म्हणजे नुसती एक पुसट करडी रेघ. पाणी मात्र स्वच्छ चढताना दिसतं. आणि कसं चढतं? पहिल्या बारा-तेरा सेकंदांतच निम्म्याहून जास्त चढण झालेली. पुढे पट्टा बुडायला वेळ लागत जातो. शेवटच्या दहा सेकंदांत तर पाणी जवळपास जागच्या जागी.

यात जादू नाही. विहिरीतली पातळी आजूबाजूच्या मुरमातल्या पाण्यापेक्षा जितकी खाली, तितका झऱ्याला जोर. विहीर भरत आली की जोर उतरतो. म्हणजे भांडण कोणाच्या पाळीचं नव्हतंच. आठ तास सलग विहीर भरू द्यायची आणि मग एका दमात उपसायची, हीच पद्धत वाईट. दोनदा थोडं थोडं उपसलं तर दोघांनाही जास्त पाणी. मी हे सकाळी लॅपटॉपवर दाखवून सांगितलं. वडील खूष. नाना क्लिप दोनदा बघून गप्प बसले आणि त्यांनी मुलाकडे, म्हणजे त्या शूटिंगवाल्या चुलतभावाकडे पाहिलं.

चुलतभाऊ म्हणाला, "पळिवलेला व्हिडिओ हाय त्यो. आम्ही लग्नात रोज करतो. पाहिजे तिथं पळवायचं, पाहिजे तिथं हळू."

मी म्हटलं, घड्याळ बघ की.

"घड्याळ बी पळतंय की त्येच्यात!"

सगळी बैठक हसली आणि विषय संपला. माझा नाही संपला. म्हणून इथे लिहितो, तो वाचेल न वाचेल.

घड्याळ पळतंय ते एकसारखं पळतंय. मोठ्या काट्याची फेरी पाच सेकंदांना थोडी कमी, पहिली तशीच आठवी. मी मधेच वेग बदलला असता तर काटा तिथे अडखळला असता. आणि सेकंदकाटा बघायचा. क्वार्ट्झचं घड्याळ टिकटिक करत एकेक घर पुढे सरकतं, त्यामुळे चार सेकंदांच्या फोटोत एक काटा नाही, चार फिकट काटे दिसतात. अंतर ३० सेकंदांचं, म्हणून एका फोटोत ते चार काटे बाराच्या बाजूला असतील तर पुढच्या फोटोत सहाच्या बाजूला, मग पुन्हा बाराला. ओळीने बघत गेलं तर टाइमरच्या चुकीने जागा जराशी सरकत जाते, तेवढीच. मधले चार फोटो उडवा किंवा घुसडा, मोठा काटा लगेच उडी मारेल. हे एडिटिंगवाल्याला न कळण्यासारखं आहे का? त्याला कळलं होतं. पण नाना त्याचे वडील. पुढच्या वर्षी त्यांनी स्वतंत्र बोअर घेतला, तो विषय वेगळा.

फोटोमागून फोटो काढून हळू गोष्ट दाखवणं आपल्याकडे नवीनही नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा लावून 'अंकुराची वाढ' काढली, ती भांडवल देणाऱ्याला हे माध्यम काय चीज आहे ते दाखवायला. महिनाभर रोज एक फ्रेम घेतली आणि मिनिटभराची फिल्म झाली, असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. हिशेब करून बघा. मूकपटाच्या सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या तर महिन्याच्या ३० फ्रेम दोन सेकंदांत संपतात. मिनिटभर चालवायला ९६० लागतात, म्हणजे रोज तीसेक. योगायोग असा की माझ्या विहिरीचे फोटोही तेवढेच. फाळक्यांनी रोज एकच फ्रेम काढली असेल यावर माझा विश्वास नाही. काम त्याहून कितीतरी चिकाटीचं असणार.

स्लो मोशनचं थोडक्यात, कारण तिथे वादच नाही. जे टिपलं नाही ते नंतर येत नाही. २४० फ्रेमने काढून ३० ने चालवलं तर एका सेकंदाचे आठ होतात आणि प्रत्येक क्षण खरा असतो. साधा २५ चा व्हिडिओ आठपट ताणला तर एकतर तीच फ्रेम आठ-आठ वेळा दिसते, नाहीतर सॉफ्टवेअर मधल्या फ्रेम अंदाजाने रंगवतं. एकटा माणूस चालत असेल तर अंदाज जमतो. पण अक्षता? शेकडो दाणे एकमेकांना छेदत, उलटसुलट पडत. सॉफ्टवेअरला कोणता दाणा कोणता ते कळत नाही. दाणे हवेत वितळतात, नवरीच्या मुंडावळ्यांना चिकटतात, दोनाचा एक होतो. आमच्या भावाच्या कोणत्याही लग्नाच्या कॅसेटमध्ये 'शुभमंगल सावधान' नंतरचं दृश्य थांबवून बघा. गिऱ्हाईक बघत नाही, म्हणून चालतंय.

२४० फ्रेम म्हणजे शटर सेकंदाच्या २४० व्या भागाहून जास्त उघडं राहूच शकत नाही, त्यामुळे उजेड भरपूर लागतो. मंगल कार्यालयातल्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी आणखी त्रास देतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ते दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, स्लो मोशनमध्ये सगळा मांडव धडधडतो. कॅमेऱ्याच्या मेनूत पाल (PAL, ५० हर्ट्झ विजेशी जुळणारी व्हिडिओ पद्धत) निवडलंत तर बऱ्याच कॅमेऱ्यांत १०० फ्रेमचा पर्याय मिळतो. शटर १/१०० ठेवा, प्रत्येक फ्रेमला एक पूर्ण लुकलुक मिळते आणि धडधड जाते. वेग कमी मिळेल, चौपटच. नाहीतर हळदीचा कार्यक्रम उन्हात असतो, तिथे हौस भागवा.

आता राहिलेलं. मोबाईलवर टाइमलॅप्स चांगला जमतो, पण बऱ्याच फोनमधला तयार मोड हा अंतर स्वतःच ठरवतो. आयफोन तर रेकॉर्डिंग लांबलं की दोन फोटोंमधलं अंतर आपोआप वाढवत नेतो. मौजेला ठीक, विहिरीला निरुपयोगी. अंतर हाताने ठरवता येईल असं ॲप घ्या. पळत्या ढगांना दोन-तीन सेकंद, सरकत्या सावलीला वीस-तीस, तारे असतील तर शटरच वीसेक सेकंदांचं लागतं. मी वर लिहिलेली आकडेमोड अंधाऱ्या विहिरीची आहे, सूर्यास्ताला तशीच्या तशी लावू नका. उजेड उतरत जातो तेव्हा कुलूपबंद सेटिंगवर शेवटचे फोटो काळे येतील. बेचाळीस अंशांच्या उन्हात फोन उघड्यावर ठेवला तर तो मध्येच बंद पडतो, वर ओलं नाही तर निदान कोरडं फडकं टाका. आणि विहिरीवर एकट्याने हे करू नका, कठडा नसेल तर अजिबातच नाही.

खोक्यावर '९६० फ्रेम' छापलंय म्हणून फोन घेऊ नका. २०१७-१८ च्या ज्या फोनांनी खरोखर ९६० टिपले तेही बहुतेक ७२० पीमध्ये, म्हणजे कमी बारकाव्याने, आणि जेमतेम सेकंदाच्या पाचव्या भागापुरते. बाकी बरेच जण कमी टिपून उरलेल्या फ्रेम रंगवतात, म्हणजे पुन्हा अक्षतांचं तेच. दुकानातच ट्यूबखाली २४० वर एक क्लिप काढून बघा. बजेट तुम्ही लिहिलेलं नाही. दहा हजारांच्या आत असेल तर आहे तोच फोन वापरा आणि आधी एक जड, न हलणारा ट्रायपॉड घ्या.