बर्थराइट सिटिझनशिपचं भांडण समजून घ्यायचंय तर

अगं, तुझा मेसेज वाचला. अमेरिकेत जन्मलेल्या प्रत्येक मुलाला नागरिकत्व मिळावं का, या वादातले दोन्ही बाजूंचे व्हिडिओ बघून डोकं गरगरतंय म्हणतेस, गरगरणारच, सगळे तिथल्या चौदाव्या घटनादुरुस्तीचं तेच एक वाक्य (अमेरिकेत जन्मलेला आणि तिच्या अधिकारक्षेत्रात असलेला तो नागरिक) तोंडावर फेकतात आणि पुढे पळतात. माझं ऐकशील तर थोडे दिवस ते बंद कर आणि सरळ मे 1866 च्या सिनेटमधे जाऊन बस. काँग्रेशनल ग्लोब म्हणून तेव्हाच्या चर्चांचं रेकॉर्ड आहे, लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या साइटवर फुकट मिळतं.

तिथे पेनसिल्व्हेनियाचा एडगर कोवन विचारतो, चिन्यांची, जिप्सींची इथे जन्मलेली पोरंसुद्धा नागरिक होणार का, उद्या कॅलिफोर्निया त्यांनीच भरला तर? त्याला कॅलिफोर्नियाचाच जॉन कॉनेस (हा स्वतः आयर्लंडमधे जन्मलेला बरं का) सांगतो की हो, होणार. पण कॉनेसला लगेच हिरो करू नकोस, चिनी मुळात थोडे, त्यातले बरेचसे परत जातात, एवढं काय घाबरताय, असा त्याचा सूर आहे. म्हणजे दुरुस्ती गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी केली, काळ्या माणसांना नागरिकच न मानणारा 1857 चा ड्रेड स्कॉट निकाल पुसायला केली हे खरंच, पण परदेशी लोकांच्या मुलांचा विचारच झाला नव्हता असं कोणी म्हणालं तर तुला हे दोघं आठवायला हवेत.

मग 1898 ची वाँग किम आर्क केस. सॅन फ्रान्सिस्कोत चिनी आईवडिलांच्या पोटी जन्मलेला कूक, चीनला जाऊन 1895 मधे परत आला तर तू नागरिक नाहीस म्हणत बोटीवरून उतरूच देईनात. सुप्रीम कोर्टाने 6-2 ने त्याच्या बाजूने निकाल दिला. तो सगळे सांगतात, तू ते विरोधातले दोघं न्यायाधीश वाच. त्यातला एक जॉन हार्लन, म्हणजे ज्याने काळ्या-गोऱ्यांचे रेल्वेडबे वेगळे ठेवण्याच्या 1896 च्या प्लेसी केसमधे 'आपली घटना रंग ओळखत नाही' असं एकट्याने लिहिलं तोच! आणि प्लेसीच्या त्याच लिखाणात चिन्यांबद्दल जे लिहिलंय ते वाचून तोंड कडू होईल. हार्लनचं ते एक वाक्य आज अफर्मेटिव्ह अ‍ॅक्शनच्या (आपल्या आरक्षणासारखं धोरण) वादात सर्रास वापरतात, पुढचं कोणी वाचत नाही.

तुला न पटणाऱ्या बाजूचाही दमदार मुद्दा शोध हं. 1884 मधे जॉन एल्क नावाच्या मूलनिवासी माणसाला, जन्म अमेरिकेतलाच असूनही, टोळीत जन्मला म्हणजे पूर्णपणे अमेरिकेच्या अधिकारक्षेत्रात नाही म्हणून कोर्टाने नागरिक मानलं नाही, आणि वाँगचे आईवडील कायमचे स्थायिक होते हाही मुद्दा खोटा नाही. काही मुलांना जन्माने मिळणारं नागरिकत्व नाकारू पाहणारी ट्रम्पची 20 जानेवारी 2025 ची ऑर्डर याच फटीतून आत शिरायला बघते. त्यात फक्त बेकायदा आलेले नाहीयेत, आईचा व्हिसा तात्पुरता आणि वडिलांकडे ग्रीनकार्डही नाही अशी घरंही आहेत, म्हणजे आपल्याकडच्या कितीतरी एच-वन-बीवाल्यांची (नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावरच्यांची) पोरं. मला स्वतःला ती ऑर्डर 1898 च्या निकालात बसत नाही असंच वाटतं, पण माझं मत उचलू नकोस, दोन्ही वाचून तुझं बनव.

एवढं झालं की भगतसिंग थिंदची केस घे, 1923. अमेरिकन सैन्यात राहिलेला माणूस, तरी 'गोरा' नाही म्हणून कोर्टाने नागरिकत्व नाकारलं. वकिलाने तो उच्चजातीचा आर्य असल्याचा दावा केला होता. त्यावर मला फोन कर, जातीचा तो मुद्दा मेसेजवर बोलण्यासारखा नाहीये.