दीड वर्षाच्या मुलीची लाळ सतत गळते आणि मलाही झोपेत उशी ओली होते. काळजीचं आहे का?

मुलीचं बहुधा नाही, आणि तुमचंही कारण बऱ्याचदा बंद नाकच निघतं. लाळ सगळ्यांच्याच तोंडात सतत तयार होते, मोठ्यांच्या दिवसाला अर्धा ते दीड लिटर; आपण ती नकळत गिळतो म्हणून दिसत नाही. गळते ती बहुतेक वेळा जास्त झाली म्हणून नव्हे, गिळली गेली नाही म्हणून. लहान मुलांचा ओठ-जिभेवरचा ताबा हळूहळू येतो, त्यात दात येत असतात, त्यामुळे दोन वर्षांपर्यंत हे चालायचंच. चार वर्षांनंतरही जागेपणी गळत असेल तर मात्र तपासून घ्या. हनुवटी पुसताना घासू नका, मऊ कापडाने टिपा. वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्या, पुरळ टळतं.

मोठ्यांमध्ये सर्दी-ॲलर्जीने तोंड उघडं राहतं आणि कुशीवर झोपलं की लाळ बाहेर येते. आधी नाकाचा इलाज करा, पाठीवर झोपून बघा (घोरत असाल तर नको). पित्त वर येणं किंवा क्लोझापिनसारखं मानसिक आजारावरचं औषधही कारण असू शकतं. औषध स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

हे सगळं हळूहळू सुरू झालेल्या त्रासाबद्दल. अचानक लाळ गळू लागली आणि सोबत यातलं काही असेल तर थेट रुग्णालय गाठा:

- मुलाला ताप, गिळता न येणं, श्वासाला आवाज
- मोठ्या माणसाचा चेहरा एका बाजूला वाकडा, बोलणं अडखळतं