शुक्रवारी कोची? अजिबात नको!

प्रश्न : माझे मिस्टर बँकेत आहेत. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून दोघंच कोचीला जाऊन यायचं म्हणतोय. शुक्रवारची रजा आणि दुसरा शनिवार. शुक्रवारी सकाळी पोचायचं, शनिवारी रात्री निघायचं. मला मट्टनचेरीचा राजवाडा आणि ज्यूंचं प्रार्थनामंदिर बघायचंय, मिस्टरांना बंदर आणि बोटी. वर अलेप्पीची हाऊसबोटही बसवूया म्हणतात. जमेल का?
— एक वाचिका, निपाणी

उत्तर : ताई, तिकिटं काढली असतील तर आधी रद्द करा. राजवाडा शुक्रवारी बंद. प्रार्थनामंदिर शनिवारी बंद, शुक्रवारीही दुपारनंतर आत सोडत नाहीत. म्हणजे तुम्हाला हवं त्यातलं एक ना एक दोन्ही दिवस कुलूपबंद आणि दाजींच्या बोटी मात्र दोन्ही दिवस चालू. पंचविसाव्या वर्षी हा अन्याय कशाला सोसता?

शुक्रवारची अर्धी रजा घ्या आणि सोमवारची पूर्ण. शुक्रवारी दुपारी चोर्ला घाटातून मडगाव गाठा. संध्याकाळी तिथं मिळणारी मंगला एक्स्प्रेस शनिवारी सकाळी एर्नाकुळमला, म्हणजे कोची शहरातच उतरवते. बेळगाव-लोंढामार्गे जाणारी पूर्णा एक्स्प्रेस आहे, पण ती आठवड्यातून एकदाच, आणि तिचा वार तुमच्या रजेशी जुळणं कठीण. वेळा मात्र तिकिटं काढण्याआधी बघून घ्या, पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. परतीची गाडी सोमवारी दुपारची धरा. मंगळवारी दाजींना बँकेत डोळे चोळत बसावं लागेल, बसू देत.

हाऊसबोट सोडा. अलेप्पी कोचीपासून पन्नासेक किलोमीटर. जाण्यायेण्यात आणि भाव ठरवण्यात एक दिवस जातो, आणि तुमच्याकडे दोनच आहेत. पाणी कोचीतच इतकं आहे की बघून दमाल.

एर्नाकुळमच्या जेट्टीवरून फोर्ट कोचीला सरकारी बोट जाते, तिकीट अगदी किरकोळ. टॅक्सीवाला पुलावरून नेतो म्हणेल, नको म्हणा. बोटीत उजवी-डावी न बघता कठड्याजवळची जागा पकडा. वाटेत विलिंग्डन बेट लागतं. ते निसर्गाचं नाही, माणसाचं. 1920 च्या दशकात रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरनं बंदराचं तोंड खोल करायला घेतलं आणि उपसलेल्या गाळातून हे बेट उभं राहिलं. दाजींना आणखी एक सांगा : 2022 मध्ये नौदलात आलेली विक्रांत याच शहरातल्या गोदीत बांधली. आणि खुद्द बंदर? 1341 च्या महापुरात पेरियार नदीनं मार्ग बदलला, जुनं मुझिरिस बंदर मागे पडलं आणि कोचीचं मुख उघडलं, असं सांगतात.

शनिवार फोर्ट कोचीला. चिनी जाळी सगळे लांबून फोटो काढून सोडतात, तुम्ही जवळ जा. भलीमोठी लाकडी चौकट, तिच्या टोकाला पाण्यावर पसरलेलं जाळं, आणि मागच्या बाजूला दोरांना एकाखाली एक लटकवलेले धोंडे. चार-सहा माणसं लागतात. एक जण वाशावरून पुढे चालत गेला की त्याच्या वजनानं जाळं पाण्यात बुडतं. थोड्या वेळानं बाकीचे दोर ओढतात, धोंडे एकेक करून जमिनीला टेकतात आणि जाळं वर येतं. बेळगावच्या गणपत गल्लीतल्या जुन्या दुकानांतल्या तराजूचंच तत्त्व. मासे बहुतेक वेळा मूठभरच निघतात. एखादा मच्छीमार तुम्हालाही दोर ओढायला बोलवेल, मग बक्षिसी मागेल. ओढा, मजा येते.

जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. आपल्याकडच्या माणसाला वास्को म्हणजे गोव्याच्या गाडीचं शेवटचं स्टेशन. तो वास्को द गामा 1524 मध्ये कोचीतच वारला आणि इथं पुरला गेला. 1539 मध्ये त्याची हाडं पोर्तुगालला नेली, थडग्याचा दगड राहिला. वर बघा, दोरीनं ओढायचे जुने पंखे अजून टांगलेले आहेत. रविवारी सकाळी प्रार्थना असते, म्हणून हे शनिवारीच उरका.

रविवार तुमचा, ताई. राजवाड्याला डच पॅलेस म्हणतात, पण बांधला पोर्तुगीजांनी, कोचीच्या राजासाठी. डचांनी 1663 नंतर डागडुजी केली आणि नाव त्यांचं चिकटलं. राजाच्या शेजघराच्या भिंतींवर रामायण आहे, दशरथाच्या यज्ञापासून अयोध्येला परतण्यापर्यंत. फोटो काढू देत नाहीत, ते बरंच आहे. पुढे 1568 चं प्रार्थनामंदिर. चप्पल काढून आत जा आणि छताच्या झुंबरांआधी पायाखाली बघा : चीनहून आणलेल्या निळ्या नक्षीच्या फरश्या, हातानं रंगवलेल्या.

मट्टनचेरीत गोव्यातून पोर्तुगीज छळाच्या काळात आलेल्या गौड सारस्वतांची जुनी वस्ती आहे, तिरुमल देवस्थानाच्या आसपास. आमच्या जाऊबाई कारवारच्या. त्यांनी तिथल्या फुलवालीला कोकणीत भाव विचारला, तिनं कोकणीतच जास्त सांगितला.

सोमवारी गाडीआधी वेळ उरला तर 2023 मध्ये सुरू झालेल्या वॉटर मेट्रोनं एक फेरी मारा. हायकोर्टाजवळून सुटते, थंडगार असते.

प्रश्न : आम्ही माळकरी. तिकडे उपाशी राहू का? आणि आमचं कन्नड चालेल का?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : कन्नड नाही चालत. हिंदी किंवा मोडकंतोडकं इंग्रजी चालवा. उपाशी राहणार नाही. मट्टनचेरीच्या गुजराती रोडला शाकाहारी मिळतं, एर्नाकुळममध्ये शुद्ध शाकाहारी हॉटेलं आहेत. पुट्टू-कडला म्हणजे तांदळाच्या पिठाचा वाफवलेला पुट्टू आणि काळ्या हरभऱ्याची आमटी, सकाळी तेच मागवा. नारळाच्या तेलाचा वास पहिल्या घासाला नको वाटतो, तिसऱ्या घासाला विसरता. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच जा, आणि डासांचं मलम इथूनच घेऊन निघा.